ग्रेस हॉपर : यंत्राला माणसाची भाषा शिकविणाऱ्या विदुषी

थोरांची चरित्रे वाचताना आपल्या मनात बहुधा हाच विचार येतो की, ही माणसे कोठे आणि आपण कोठे! माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या वाटेवरील एखाद्या खेड्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यास न्यूयॉर्क शहरी जन्मलेल्या एका गणितज्ञ बाईंशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. परंतु आज ज्या बाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांचा आपल्या घरातील एका वस्तूशी फार निकटचा संबंध आहे. ती वस्तू म्हणजे संगणक.

आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पुष्कळ घरांत आता संगणक आला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, परीक्षेचा निकाल अशी कामे त्याच्यावाचून अडतात. तो नीट चालतो तोवर घरात त्याचे कोण कौतुक! पण एखाद्या सायंकाळी पडदा काळा होतो, किंवा त्यावर इंग्रजीतले एक वाक्य उमटून सारे काही थांबते. मग वडील माणसे अपराध्यासारखी हात मागे घेतात आणि मुले मनास येईल ती कळ दाबू लागतात. आमच्या घरी एकदा अर्जाच्या शेवटच्या दिवशी असेच झाले. शेवटी हात लावला होता तो धाकट्या भावाने, म्हणून सर्वांनी त्यालाच बोल लावला. तो बिचारा न जेवता निजला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो पडद्याची तार मागच्या बाजूने सैल झालेली! दोष तारेचा होता व शिक्षा मुलाला झाली. त्या दिवशी आम्हांस जी लाज वाटली, तीतूनच हा लेख जन्मास आला आहे. यंत्रातील दोष कसा शोधावा आणि यंत्रापुढे गोंधळलेल्या माणसाशी कसे वागावे, या दोन्ही गोष्टी ग्रेस हॉपर यांच्या चरित्रात आम्हांस सापडल्या.

ग्रेस ब्रूस्टर मरे हे त्यांचे माहेरचे नाव. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी झाला. वडील विमा व्यवसायात होते. आईस गणिताची मनापासून आवड होती. परंतु त्या काळी मुलींनी उच्च गणित शिकावे असा प्रघात नसल्याने ती आवड मनातच राहिली. आजोबा जमिनीची मोजणी करणारे अभियंते होते. नातीला ते मोजणीस बरोबर नेत. पुढे वडिलांचे दोन्ही पाय आजाराने कापावे लागले. तथापि ते कामावर जात राहिले, आणि मुलाप्रमाणेच मुलींनीही स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह कधी ढळला नाही.

ग्रेस सात वर्षांची असतानाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. घरात गजराची घड्याळे पुष्कळ होती. गजर वाजतो कसा, हे पाहण्यासाठी तिने एक घड्याळ खोलले. त्याचे भाग पुन्हा जुळेनात, म्हणून ते कसे जुळवावे हे पाहण्यासाठी दुसरे खोलले. असे करता करता सात घड्याळांची चाके व कमानी जमिनीवर पसरल्या. आईने तिला मारले नाही की यंत्रास शिवू नकोस असेही बजावले नाही. खोलायचे तर यापुढे एकच घड्याळ खोलायचे, एवढाच नियम तिने घालून दिला. एका वेळी एकच वस्तू हाती घ्यावी, हा शोधकाचा पहिला धडा ग्रेसला असा आईकडून मिळाला.

पुढील वाट मात्र एकसारखी सरळ नव्हती. वासार येथील स्त्रियांच्या कॉलेजात प्रवेश मिळविण्यासाठी जी परीक्षा होती, तीत लॅटिन विषयात ती नापास झाली. एक वर्ष थांबून तिने तयारी केली व पुढच्या वर्षी प्रवेश मिळविला. १९२८ साली गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन ती पदवीधर झाली. १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी तिचा विवाह झाला; पुढे १९४५ साली तो विभक्त झाला, तरी हॉपर हे नाव तिने अखेरपर्यंत चालविले. येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट तिला १९३४ साली मिळाली. तत्पूर्वीच, १९३१ पासून, ती आपल्या जुन्या कॉलेजात शिकवू लागली होती. एका विषयात नापास झालेली मुलगी त्याच कॉलेजात अध्यापिका झाली, हे आमच्या परीक्षार्थी बंधुभगिनींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि अमेरिका त्यात उतरली. ग्रेसबाईंना आरमारात जाण्याची ओढ लागली. त्यांचे वय ठरावीक मर्यादेबाहेर गेलेले, वजन नियमापेक्षा पंधरा पौंडांनी कमी, शिवाय गणिताच्या अध्यापिकेची गरज कॉलेजातच अधिक, अशा तीन अडचणी आड आल्या. त्यांनी पाठपुरावा करून सवलत मिळविली व १९४३ च्या अखेरीस स्त्रियांच्या राखीव दलात प्रवेश केला. शिक्षण पुरे झाल्यावर जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक कोणत्याही जहाजावर न होता हार्वर्ड विद्यापीठातील एका खोलीत झाली. तेथे हॉवर्ड आयकेन यांच्या देखरेखीखाली मार्क वन नावाचे गणक यंत्र चालत होते.

हे यंत्र सुमारे ५१ फूट लांब व ८ फूट उंच होते. ते सेकंदास तीन बेरजा करी. आज आपल्या खिशातील फोन त्याच्या कोट्यवधी पट वेगाने चालतो. पण त्या काळी हा चमत्कारच होता. त्यास पडदा नव्हता व कळफलकही नव्हता. कागदाच्या पट्टीवर छिद्रे पाडून त्यास आज्ञा द्यावी लागे. एक छिद्र चुकले तर सारा हिशोब चुके. ग्रेसबाई व त्यांचे सोबती रात्रंदिवस या पट्ट्या तयार करीत. तोफांचे व अग्निबाणांचे हिशोब येथे होत. अणुबाँबशी संबंध असलेला एक हिशोबही या यंत्रावर झाला. त्याचा खरा हेतू मात्र त्यांना तेव्हा सांगण्यात आला नव्हता. आयकेन यांच्या सांगण्यावरून त्यांनी या यंत्राची माहितीपुस्तिका लिहिली. पाचशेहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. यंत्र कसे चालवावे हे दुसऱ्यास समजेल असे लिहून ठेवणे, हेही यंत्र बनविण्याइतकेच मोठे काम होय.

यानंतर मार्क टू हे यंत्र तयार झाले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते चुकीची उत्तरे देऊ लागले. या यंत्रात विजेच्या चुंबकाने उघडझाप करणाऱ्या हजारो लहान कळा होत्या. कामगारांनी एकेक कप्पा तपासला, तेव्हा एफ नावाच्या कप्प्यातील सत्तर क्रमांकाच्या कळेत एक पतंग अडकून मेलेला आढळला. त्यांनी तो अलगद काढला आणि फेकून न देता कामाच्या रोजनिशीत चिकटपट्टीने चिकटविला. शेजारी वेळ लिहिली, आणि खराखुरा किडा प्रथमच सापडला, अशा अर्थाची मिस्कील नोंद केली. यंत्रातील दोषास किडा म्हणण्याची रीत इंग्रजीत आधीपासूनच होती. एडिसननेही १८७८ साली तो शब्द वापरला होता. म्हणूनच ही नोंद गमतीची ठरली. तो पतंग ग्रेसबाईंनी स्वतः काढला नव्हता. परंतु ही हकीकत त्यांनी जन्मभर इतक्या आवडीने सांगितली, की ती त्यांच्याच नावाशी जोडली गेली. ती रोजनिशी पतंगासह वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

पहिल्या पावसानंतर आपल्याकडे दिव्याभोवती पंखांच्या किड्यांची किती गर्दी होते, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. म्हणून ही गोष्ट आपणांस परकी वाटू नये. दोष शोधण्याची ही रीतही आपल्या शेतकऱ्यास पूर्वीपासून ठाऊक आहे. भाताच्या खाचरातील पाणी नाहीसे होऊ लागले तर तो सारा बांध खणून काढीत नाही. बांधाच्या कडेकडेने चालत जातो, पाणी कोठे झिरपते ते पाहतो, आणि खेकड्याने पाडलेले भोक सापडले म्हणजे तेवढेच चिखलाने बुजवितो. तो खेकड्यावर संतापत नाही व खाचराला शिव्याही देत नाही. हार्वर्डच्या त्या मंडळींनी केले ते याहून वेगळे नव्हते. त्यांनी एक गोष्ट अधिक केली, ती म्हणजे झाला प्रकार वहीत लिहून ठेवला.

येथे चरित्रातील एक काळोखा भाग सांगितला पाहिजे. युद्धकाळातील अतिश्रम, मोडलेला संसार आणि हार्वर्ड येथे पुढे कायमची जागा नसणे, या सर्वांनी ग्रेसबाई खचल्या व मद्याच्या आहारी गेल्या. मित्रांनी त्यांना सोडले नाही. त्यांच्या आधाराने व स्वतःच्या निग्रहाने त्या पुन्हा कामास लागल्या. १९४९ साली त्या फिलाडेल्फिया येथे एकर्ट व मॉचली यांच्या कंपनीत रुजू झाल्या. युनिव्हॅक नावाचे मोठे यंत्र तेथे तयार होत होते. पुढील वर्षी ही कंपनी रेमिंग्टन रँड या कंपनीने विकत घेतली. ग्रेसबाईंचे सर्वांत मोठे काम याच ठिकाणी झाले.

त्या दिवसांतील एक मजेदार हकीकत आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो. परंतु तेथील एका यंत्राची आकडेमोड आठाच्या पटीत लिहिली जाई. म्हणजे सातानंतर आठ न येता एकदम दहा येत! ग्रेसबाई ही रीत इतकी शिकल्या, की त्यांच्या स्वतःच्या बँकेच्या पुस्तकाचा हिशोब काही केल्या जुळेना. त्यांचे बंधू बँकेत नोकरीस होते. त्यांनी रात्री बसून पुस्तक तपासले, तेव्हा बहीण मधूनमधून आठाच्या पटीत वजाबाकी करीत असल्याचे उघड झाले. गणिताच्या डॉक्टरेट मिळविलेल्या बाईंची ही गत, तर सामान्य माणसाची काय कथा! यंत्राची भाषा माणसाने शिकावी, की माणसाची भाषा यंत्रास शिकवावी, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला.

दुसरीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली होती. ज्या आज्ञा एकदा बरोबर ठरल्या, त्या वहीत उतरून ठेवावयाच्या व पुढच्या कामी त्यांची नक्कल करावयाची, अशी सर्वांची पद्धत होती. नकलेत माणूस हमखास चुकतो. ज्या कामात माणूस कंटाळून चुकतो व यंत्र कधी कंटाळत नाही, ते काम यंत्रालाच का देऊ नये? त्यांनी तपासून ठेवलेल्या आज्ञांचे गट फितीवर साठविले आणि प्रत्येकास क्रमांक दिला. आता केवळ क्रमांक सांगितला की यंत्र स्वतःच तो गट शोधून योग्य जागी बसवी. १९५२ साली सिद्ध झालेल्या या रचनेस ए-शून्य असे नाव होते. कंपायलर म्हणून जो प्रकार पुढे जगभर रूढ झाला, त्याच्या आरंभीच्या रूपांपैकी हे एक होय. प्रारंभी कोणी विश्वास ठेवीना. यंत्राने फक्त हिशोब करावा, ते आज्ञा कशा रचणार, असे शहाण्यांचे मत होते.

ग्रेसबाई याहून पुढे गेल्या. व्यापारी कचेरीतील कारकुनास गणिताची चिन्हे नकोशी वाटतात, त्यास शब्द हवे असतात, हे त्यांनी हेरले. मग साध्या इंग्रजी शब्दांत लिहिलेली आज्ञा यंत्रास समजेल अशी योजना त्यांनी मांडली. यंत्रास इंग्रजी कळणे अशक्य, असे सांगून वरिष्ठांनी ती बाजूस सारली. त्यांनी लहानसा नमुना करून दाखविला, आणि त्याबरोबर तीच आज्ञा फ्रेंच व जर्मन शब्दांतही देऊन दाखविली. यंत्राच्या दृष्टीने सर्व भाषा सारख्याच, एवढेच त्यांना सिद्ध करावयाचे होते. वरिष्ठ मात्र दचकले. अमेरिकेत बनलेल्या यंत्रास फ्रेंच अथवा जर्मन का म्हणून कळावे, असे त्यांना वाटले. आणि अखेर इंग्रजीपुरतेच काम करण्याचे कबूल करावे लागले. तरीही त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली.

मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्य कचेरीत एक सभा भरली. प्रत्येक कंपनीचे यंत्र निराळे, त्याच्या आज्ञा निराळ्या, त्यामुळे एका यंत्रासाठी केलेले काम दुसऱ्यावर निरुपयोगी ठरे. म्हणून सर्वांस चालेल अशी एक भाषा ठरविण्याचे योजिले गेले. ती भाषा म्हणजे कोबॉल. ती एका समितीने रचली व ग्रेसबाई तिच्या सल्लागार होत्या. परंतु तिचा पाया बहुतांशी त्यांच्या फ्लो-मॅटिकचाच होता. डिसेंबर १९६० मध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच कोबॉल कार्यक्रम चालवून दाखविण्यात आला. कित्येक बँकांचे हिशोब आजही या भाषेत चालतात.

येथे आम्हांस आपल्या मराठीची आठवण होते. कोणी पाठविलेले मराठी पत्र उघडावे, तर देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची गर्दी दिसावी, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. जुन्या टंकांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेले असत. तो टंक ज्या संगणकात नाही, तेथे मूळचे घरमालक, म्हणजे रोमन अक्षरेच, दिसू लागत. जो घोटाळा कोबॉलपूर्वी यंत्रांचा होता, तोच हा लिपीचा. यावर उपायही तसाच निघाला. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी जगातील लिप्यांतील प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. विंडोजबरोबर येणारा मंगल हा देवनागरी टंक तर आपल्याच मुंबईचे सुलेखनकार प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखिला. ग्रेसबाईंनी फ्रेंच व जर्मन शब्दांनी जे दाखवू पाहिले, ते मराठीच्या बाबतीत असे खरे झाले.

वयाच्या साठाव्या वर्षी, १९६६ च्या अखेरीस, आरमाराने त्यांना निवृत्त केले. पण आरमाराच्या निरनिराळ्या यंत्रांवरील कोबॉलमध्ये एकवाक्यता आणणे दुसऱ्या कोणास जमेना. म्हणून १९६७ च्या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी त्यांना परत बोलाविले. ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षे चालले! त्यांच्या कचेरीतील भिंतीवरचे घड्याळ उलट्या दिशेने फिरे. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, या सबबीवर त्यांचा राग होता; उलटे घड्याळही वेळ अचूकच दाखविते, हे पाहणाऱ्यास त्यातून उमगावे.

व्याख्यानांत त्या श्रोत्यांना तारेचे तुकडे वाटीत. प्रत्येक तुकडा एक फुटाहून किंचित आखूड, सुमारे तीस सेंटिमीटर, असे. सेकंदाच्या एक अब्जांश भागात विजेचा संदेश फार तर एवढेच अंतर जाऊ शकतो, हे त्या तारेने समजावून देत. उपग्रहामार्फत संदेश येण्यास वेळ का लागतो, असे एखाद्या सेनाधिकाऱ्याने विचारले, तर त्याच्या व उपग्रहाच्या दरम्यान असे किती तुकडे मावतील याचा त्यास विचार करावयास लावीत. अवघड गोष्ट हातात धरता येईल अशी करून देणे, ही त्यांची हातोटी होती.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन येथे कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. त्या वेळी त्या एकोणऐंशी वर्षांच्या असून रिअर ॲडमिरल पदावर होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे आरमाराच्या एका विनाशिकेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि २०१६ साली अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर अर्पण झाला.

असो. चरित्र संपले, आता त्यातून आपण घरी काय न्यावे, ते सांगून आम्ही वाचकांची रजा घेतो. संगणक अडला म्हणजे प्रथम वीज व तारा पाहाव्यात. त्या ठीक असल्यास तो रीतसर बंद करून, थोडे थांबून, पुन्हा सुरू करावा. काम करताना त्याच्या तात्पुरत्या स्मरणात जो गोंधळ साचतो, तो यामुळे पुसला जातो व पुष्कळ दोष तेवढ्यानेच जातात. पडद्यावरील वाक्य भिऊन घालवू नये. ते अखेरपर्यंत वाचावे व उतरून घ्यावे. बिघाडापूर्वी शेवटचा बदल कोणता झाला, हे आठवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सात घड्याळांची गत होते. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत निराळ्या जागी ठेवावी. यंत्र बिघडल्याचे सांगून कोणी अनोळखी माणूस फोनवर सांकेतिक शब्द मागू लागला, तर तो कदापि देऊ नये. यंत्राचे पोट उघडण्याचे काम जाणत्या कारागिराचे आहे. तेथे हौस करू नये. आणि संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. आमच्या घरी आता ती आहे. पहिल्या पानावर सैल तारेची नोंद आमच्या धाकट्या भावाने स्वतःच्या हस्ताक्षरात केली आहे.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट निराळीच आहे. आपल्या शाळेतील मुलांना संगणक थोडाबहुत येतो. आईवडिलांना व आजीआजोबांना तो येत नाही. त्यांनी विचारले असता पुष्कळदा आपण त्रासून कळा भराभर दाबतो व मोकळे होतो. काम होते, पण त्यांना काही कळत नाही, आणि पुढच्या वेळी विचारण्याचा त्यांना संकोच वाटतो. ज्या बाईंनी एवढ्या मोठ्या यंत्रास कारकुनाच्या शब्दांत बोलावयास लाविले, त्यांचे चरित्र वाचून आपण एवढे तरी करावे, की आजीच्या शेजारी बसावे, तिच्याच बोलीत तिला सांगावे, आणि कळ तिच्याच बोटाने दाबू द्यावी. चुकली तर चुकू द्यावी. किडा शोधता येतो. पण एकदा दुखावलेल्या माणसाचे धैर्य परत आणणे फार कठीण असते.